कोरी डिस्क घ्यायची तर कुठली? मायनस, प्लस, रॅम, ब्लू-रे सगळं वापरून बघितल्यावर

आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ वाचेल. घरच्या शूटिंगची, फोटोंची कायमची कॉपी ठेवायची असेल तर २५ जीबीची बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहायची कोरी ब्लू-रे घ्या, आणि पाकिटावर एलटीएच (हा स्वस्तातला प्रकार, का नको ते पुढं सांगतो) असं छापलेलं दिसलं तर ती ठेवून दुसरी मागा. पाहुण्यांना लग्नाचं बारशाचं शूटिंग टीव्हीवर बघायला द्यायचं असेल तर साधी डीव्हीडी मायनस आर. प्लस आर वाईट नाही, पण समोरच्याचा प्लेअर किती जुना आहे ते विचारून द्यायची. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहायची, ठेवणीसाठी नको. डीव्हीडी-रॅम आता विसरा. एवढंच पाहिजे होतं तर इथंच थांबा, पुढं मी लई लांबवलंय.

आता पहिला प्रश्न सगळेच विचारतात की आजच्या काळात डिस्क कोण घेतंय. आमचा भाचा तर सरळ म्हणतो, "मामा, एक टीबीची हार्डडिस्क घ्या की, कशाला ह्या चकत्या घेऊन बसलाय." त्याला मी २०१९ ची आठवण करून देतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतंय, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरीत आमच्या आत्याच्या घरी खालच्या मजल्यावरच्या कपाटात हार्डडिस्क पण होती आणि डीव्हीडींचा डबा पण. पाणी उतरल्यावर बघितलं तर हार्डडिस्कच्या आत चिखल, तिच्यातला डेटा काढायला पुण्याला पाठवावी लागेल म्हणून जो आकडा सांगितला तो ऐकून आत्या म्हणाली राहू दे बाबा. डीव्हीडी मात्र नळाखाली साध्या पाण्यानं धुतल्या, मऊ कापडानं मधनं कडेकडं पुसल्या, सावलीत वाळवल्या आणि बहुतेक चालल्या. त्याचं कारण असं की डीव्हीडीत डेटाचा थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये चिकटवलेला असतो, एकेक चकती ०.६ मिलिमीटरची, त्यामुळं वरनं काही झालं तरी तो थर आत झाकलेला. त्याच डब्यातल्या सीडी मात्र गेल्या, कारण सीडीत डेटा खालच्या चकचकीत बाजूला नसतोच, तो असतो वर, आपण जिथं नाव लिहितो त्या बाजूला, लॅकरच्या एका पातळ थराखाली. तो थर फुगला की चांदी पापुद्र्यासारखी निघून येते.

म्हणून हार्डडिस्क घेऊच नका असं नाही, माझ्याकडं दोन्ही आहे. पण दुसरी कॉपी डिस्कवर असावी आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असावी. आमची एक थैली कसबा बावड्यात मेव्हण्याकडं असते.

माझ्याकडं साठवायला काय होतं ते सांगतो कारण निवड त्यावरच ठरते. एक म्हणजे घरातल्या सगळ्या लग्नाच्या कॅसेटी, व्हीएचएसच्या, तीन तासांच्या. दुसरं म्हणजे नंतरच्या कॅमेऱ्यातले मिनी-डीव्हीचे टेप, एकेक तासाचे. आणि मग मोबाईलचे फोटो, ते तर काय वाढतच जातंय. व्हीएचएस कॉम्प्युटरवर घेऊन डीव्हीडी बनवायची म्हटलं की लोक तीन तास एकाच डीव्हीडीत कोंबतात. डीव्हीडीच्या नियमात व्हिडिओला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट देता येतात आणि तसं दिलं तर ४.७ जीबीत तासभराच्या आसपासच मावतं. तीन तास बसवायचे तर तेच साडेतीन मेगाबिटच्या खाली येतंय. मग भटजी मंगलाष्टका म्हणत असतात तोवर सगळं बरं दिसतं आणि अक्षता पडायला लागल्या की चित्राचे चौकोन चौकोन होतात, कारण असे शेकडो बारीक दाणे वाट्टेल तिकडं उडणं हे एमपेग-२ ला, म्हणजे डीव्हीडीत व्हिडिओ दाबून बसवायच्या पद्धतीला, सगळ्यात जड जातंय. म्हणजे ज्या क्षणासाठी कॅसेट काढली तोच फाटलेला. लग्नाला दोन डीव्हीडी करा, कंजुषी करू नका, एका कट वड्याच्या पैशात एक-दोन चांगल्या कोऱ्या डीव्हीडी येतात.

आता ते मायनस-प्लसचं भांडण. हे खरं तर कधीच मिटलंय पण दुकानात बंडल हातात घेतलं की अजून लोक विचारतात. पायोनियरनं मायनस आर १९९७ ला आणली, डीव्हीडी फोरम नावाच्या कंपन्यांच्या गटानं ती मान्य केली. फिलिप्स, सोनी, एचपी वगैरे मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि प्लस आर २००२ मध्ये बाजारात आली. म्हणजे दोन्ही ४.७ जीबीच्या, दोन्ही दिसायला जांभळट, दोन्ही एकदाच लिहायच्या, पण एकाच्या ड्राइव्हला दुसऱ्याची डिस्क लिहिता यायची नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्याला ताप. त्याच २००२ मध्ये सोनीनं दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह काढला आणि मग हळूहळू सगळ्यांनीच तसे काढले, आज तुमच्या घरात जो कुठला रायटर असेल तो दोन्ही लिहितोच.

आतला फरक मात्र खरा आहे. लेझरला आपण डिस्कवर नक्की कुठं आहोत हे कळायला पत्ता लागतो. मायनसमध्ये तो पत्ता खाचांच्या मधल्या पट्टीवर बारीक खड्ड्यांनी दिलेला असतो, प्लसमध्ये खाच स्वतःच नागमोडी असते आणि त्या नागमोडीतच पत्ता भरलेला. मायनसलाही नागमोड असते पण ती १४० किलोहर्ट्झची, प्लसची ८१७, म्हणजे लई दाट, त्यामुळं वेगात लिहिताना प्लसचा नेम जास्त पक्का बसतो असं इंजिनियर लोक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण घरात ८एक्सला, म्हणजे मूळ वेगाच्या आठपटीनं, एक डीव्हीडी लिहायची तर हा फरक कुणाला जाणवणार? मला तरी नाही जाणवला. जाणवला तो वेगळाच एक, मायनसमध्ये प्लसपेक्षा सहा-सात एमबी जागा जास्त असते, त्यामुळं मायनससाठी काठोकाठ भरून बनवलेली इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, प्लसवर जात नाही, सॉफ्टवेअर म्हणतं जागा पुरत नाही आणि माणूस डोकं खाजवत बसतो की दोन्हीवर ४.७ लिहिलंय की. (आणि हो, कॉम्प्युटरवर ती ४.३८ दिसते, त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या.)

पाहुण्यांच्या प्लेअरचा विषय वेगळा. गावाकडं अजून असे प्लेअर चालू आहेत जे प्लस आर यायच्या आधीच्या डिझाइनचे, ते मायनस गपगुमान चालवतात आणि प्लस घातली की नो डिस्क. आमच्या गडहिंग्लजच्या आक्कांचा तसलाच आहे, इतका जुना की रिमोटवरची अक्षरं पुसलीत, पण आक्का तो टाकू देत नाहीत. "आरं चांगला चाललाय की, तुझीच डिस्क खराब असंल." मग त्यावर उपाय असा की प्लस आर लिहिताना तिच्या सुरुवातीला जो प्रकार नोंदवलेला असतो तो बदलून डीव्हीडी-रॉम असा करता येतो, बिटसेटिंग म्हणतात त्याला, इमबर्न (ImgBurn) नावाच्या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, ड्राइव्हनं साथ दिली पाहिजे एवढंच. मग प्लेअरला वाटतं बाजारातली छापील डीव्हीडी आलीय आणि तो मुकाट चालवतो. मायनसला हे करता येत नाही. पण खरं सांगू का, प्रत्येक पाहुण्यासाठी हे करत बसण्यापेक्षा मायनसचं बंडल घेतलं की विषयच संपतो.

आरडब्ल्यू, मायनस काय नि प्लस काय, साधारण हजार वेळा पुसून लिहिता येते असं सांगतात आणि घरात हजार वेळा कोण पुसणार आहे. तिच्यावरनं उजेड कमी परततो त्यामुळं जुन्या प्लेअरना ती ओळखता येत नाही. राजारामपुरीत एक मित्र लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो, तो गिऱ्हाइकाला ट्रायल दाखवायला एकच आरडब्ल्यू घासत असतो, नवरीच्या आईनं "तो मावशीचा सीन घ्या की हो" म्हटलं की पुसायचं, परत लिहायचं. त्या कामाला झकास. ठेवणीला नको, जे पुसता येतं ते कुणीतरी कधीतरी पुसतंच.

रॅमबद्दल मात्र मला जरा जीव आहे. दाजींनी दुबईहून येताना पॅनासॉनिकचा रेकॉर्डर आणला होता, टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचा, त्यात डीव्हीडी-रॅम चालायची. डिस्क उजेडात तिरकी धरली की तिच्यावर बारीक बारीक आयत दिसतात, ते कारखान्यातच छापलेले सेक्टरचे शिक्के. एक लाख वेळा लिहिता येते, खराब जागा स्वतःच वगळून पुढं जाते, एका बाजूनं रेकॉर्डिंग चालू असताना त्याच डिस्कवरचं आधीचं बघता येतं. तांत्रिक दृष्ट्या या सगळ्या भावंडांत हीच सगळ्यात हुशार. पण ती दाजींच्या रेकॉर्डरशिवाय गल्लीत दुसऱ्या कशातच चालायची नाही आणि तो रेकॉर्डर बंद पडल्यावर डिस्क हातात धरून दाजी आमच्याकडं आले. माझ्या कॉम्प्युटरमधला जुना ड्राइव्ह रॅम वाचतो म्हणून सगळं काढता आलं. कुणाकडं अशा डिस्क पडून असतील तर आत्ताच कॉपी करून घ्या, रॅम वाचणारे ड्राइव्ह कमी होत चाललेत.

आता मुद्द्याचं. मायनस की प्लस यापेक्षा डिस्क कुठल्या कारखान्यात बनली आणि आतला थर कशाचा आहे हे दहापट महत्त्वाचं, आणि ते बंडलावर लिहिलेलं नसतंय. लिहायच्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझरनं तो जाळून खुणा करतात, म्हणूनच बर्न म्हणतात. रंग म्हटला की ऊन लागलं की उडणार, खिडकीतल्या कव्हरचा उडतो तसाच, फक्त इथं उडालेलं डोळ्याला दिसत नाही. एका ब्रँडचं, नाव घेत नाही, ५० चं बंडल मी घेतलं होतं, लिहिताना एकही तक्रार नाही, व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) पण व्यवस्थित, आणि काही वर्षांनी कडेच्या बाजूचं, म्हणजे शेवटी लिहिलेलं, वाचेना. डिस्क आतनं बाहेर लिहिली जाते त्यामुळं शेवटचा भाग कडेला येतो आणि बिघाड बऱ्याचदा कडेपासनंच सुरू होतो. बिदाईचा सीन गेला. बायको म्हणाली बरं झालं, रडताना माझा चेहरा चांगला नव्हता दिसत.

तर कारखाना ओळखायचा कसा? डिस्क ड्राइव्हमध्ये घालायची, इमबर्न उघडायचं, उजव्या बाजूला तिचा कोड येतो. एमसीसीनं सुरू होत असेल तर मित्सुबिशी केमिकलचा, व्हर्बॅटिमच्या डिस्कवर हाच यायचा. टीवायजी म्हणजे ताईयो युडेन, जपानी, जाणकार लोक त्या शोधून शोधून घ्यायचे, ती कंपनी २०१५ ला या धंद्यातनं बाहेर पडली. सीएमसी मॅग आणि रायटेक या तैवानच्या. एमबीआय दिसलं तर ती आपली मोझर बेअर, नोएडाची. एके काळी महाद्वार रोडपासनं उद्यमनगरपर्यंत कुठल्याही दुकानात सीडी मागितली की मोझर बेअरच हातात यायची, जगातल्या मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांत तिचं नाव होतं, २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. व्हर्बॅटिमही आता मित्सुबिशीकडं नाही, सीएमसीनं विकत घेतलंय. त्यामुळं जुन्या माहितीवर "अमुक ब्रँड बेस्ट" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, नाव तेच राहतं आणि मालक बदलतो. आणि कुणी "जुना ओरिजिनल स्टॉक आहे" म्हणून दहा-बारा वर्षांचं बंडल दाखवलं तर हुरळून जाऊ नका, न वापरलेली डिस्क पण म्हातारी होतेच.

ब्लू-रेकडं मी वळलो ते या रंगाच्या भानगडीमुळंच. साधी बीडी-आर, जिला एचटीएल म्हणतात, तिच्यात सेंद्रिय रंग नसतो, धातूंचे नाहीतर तसल्याच निर्जीव पदार्थांचे थर असतात, काही कंपन्या सिलिकॉन आणि तांब्याच्या मिश्रधातूचे दोन पातळ थर वापरतात, लेझर पडला की ते तिथंच एकमेकांत मिसळतात आणि खूण होते. ऊन, उजेड याचं तिला डीव्हीडीएवढं वावडं नाही. एलटीएच हा स्वस्तातला प्रकार, जुन्याच डीव्हीडीच्या मशिनवर बनवता यावा म्हणून त्यात परत तोच सेंद्रिय रंग घातला. मग ब्लू-रे घेऊन उपयोग काय झाला? दोन पैसे वाचतात आणि ज्यासाठी घेतली तेच जातं. पाकिटावर बारीक अक्षरात एलटीएच टाइप असं लिहिलेलं असतं, दुकानदाराला विचारू नका, त्याला माहीत नसतंय, स्वतः बघा.

लेझर निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० आणि सीडीचा ७८०. जितका बारीक तितक्या खुणा दाट, म्हणून त्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीत २५ जीबी मावतात, कॉम्प्युटरवर २३.३ दिसतात. डेटाचा थर चकचकीत बाजूपासनं फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो, पण त्यावर कडक कोटिंग असतं, रोजच्या पुसण्यानं चरे पडत नाहीत. मिनी-डीव्हीचा एक तासाचा टेप जसाच्या तसा, काही न दाबता घेतला तर १३ जीबीच्या आसपास होतो. म्हणजे एका डिस्कवर एक टेप आरामात आणि दोन टेप घातले की २६, एक जीबी जास्त! हे बघून मला इतका राग आला होता की काय सांगू, ज्यानं २५ हा आकडा ठरवला त्याच्या घरी मिनी-डीव्ही नसणार. पण टेप क्वचितच पूर्ण भरलेले असतात, शेवटी कॅमेरा चालू राहून जमिनीचं, चपलांचं शूटिंग झालेलं असतं ते कापलं की दोन टेप बसतात. डीव्हीडीवर हेच काम करायचं तर एका टेपला तीन डिस्क आणि फाइलचे तुकडे. म्हणून टेपवाल्यांनी तर दुसरा विचारच करू नये.

तोटा सरळ आहे, ब्लू-रे रायटर महाग आणि घरात ब्लू-रे प्लेअर कुणाकडं नाही. आमच्या मंगळवार पेठेत तरी मी बघितला नाही. त्यामुळं ही डिस्क पाहुण्यांना द्यायची नाही, ही फक्त कपाटातली मूळ प्रत. याच्यावरनं डीव्हीडी पाहिजे तेवढ्या काढा.

५० जीबीच्या दोन थरांच्या, १०० जीबीच्या तीन थरांच्या पण येतात. १०० वालीला बीडीएक्सएल ड्राइव्ह लागतो, महाग पडते आणि एक डिस्क गेली की १०० जीबी गेलं. मला २५ च बरी वाटते. ८.५ जीबीच्या डबल लेयर डीव्हीडीचं तर विचारूच नका, थर बदलताना जुना प्लेअर क्षणभर अडतो आणि बघणारा म्हणतो डिस्क अडकली.

एम-डिस्क. याच्याबद्दल लोकांना लई कुतूहल आहे कारण पाकिटावर हजार वर्षं लिहिलेलं असतं. मिलेनियाटा नावाच्या अमेरिकन कंपनीनं काढली, दगडासारख्या थरात कोरतो म्हणाले. अमेरिकन नौदलाच्या चायना लेकच्या केंद्रात ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता आणि वर प्रखर उजेड अशी चाचणी झाली तेव्हा साध्या डीव्हीडी गेल्या आणि ही टिकली. पण नंतर फ्रान्सच्या एलएनई या सरकारी प्रयोगशाळेनं ९० अंश आणि ८५ टक्क्यांवर तपासली तेव्हा ती साध्या डीव्हीडींपेक्षा काही सरस निघाली नाही. आणि हजार वर्षांची हमी देणारी ती मूळ कंपनीच २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी मूकपट काढले आणि शंभर वर्षांत त्यातले बहुतेक कुणाला बघायला उरले नाहीत, त्या गावात हजार वर्षांच्या गोष्टी ऐकल्या की हसूच येतं. माझं मत असं की डीव्हीडीच्या एम-डिस्कला निदान काही अर्थ आहे, कारण साध्या डीव्हीडीत रंग असतो आणि हिच्यात नाही, फक्त ती लिहायला तसा ड्राइव्ह लागतो. ब्लू-रेची एम-डिस्क मात्र कशाला? साधी एचटीएल पण निर्जीव थराचीच आहे की. त्या पैशात साध्या जास्त घ्या आणि दोन प्रती करा.

लिहिताना काय करायचं ते थोडक्यात. १६एक्सची डीव्हीडी ८एक्सला लिहा, ६एक्सची बीडी-आर ४एक्सला. अगदी १एक्सला लिहिली की जास्त टिकते ही समजूत आहे, वेगासाठी बनवलेली डिस्क फार हळू लिहिली तर उलट बिघडू शकते. ४एक्सला २५ जीबी लिहायला साधारण २३ मिनिटं लागतात आणि पावसाळ्यात २३ मिनिटं सलग लाईट राहील याची खात्री कोल्हापुरात कुणी द्यावी, तेव्हा बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर लिहा. झाल्यावर व्हेरिफाय करायचंच, आणि जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून सगळ्या फाइल कॉपी करून बघायच्या, ज्यानं लिहिली त्याला स्वतःचं अक्षर वाचता येणारच, दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे. काही ड्राइव्ह चुका मोजून पण दाखवतात, डीव्हीडीत पीआय चुका, म्हणजे वाचताना ड्राइव्हला सुधारून घ्याव्या लागणाऱ्या चुका, २८० च्या आत असाव्यात असा नियम आहे, चांगल्या डिस्कवर त्या त्याच्या कितीतरी खाली असतात. बॉलपेननं लिहू नका, कागदी स्टिकर तर अजिबात नको, चिकट सुटून डिस्क हेलकावे खाते. मार्करनं, ते पण मधल्या पारदर्शक कड्यावर.

ठेवायचं कुठं हा कोल्हापुरात मोठाच प्रश्न. खाली ठेवलं तर पूर, माळ्यावर ठेवलं तर पत्र्याखाली एप्रिल-मेची भट्टी. मधल्या मजल्यावरचं आतल्या खोलीतलं कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, आणि डिस्क कडक डबीत उभ्या. ते रेक्झिनचे अल्बम येतात ना, लग्नाच्या अल्बमबरोबर फुकट देतात ते, त्यात पावसाळ्याभर ठेवलेली डिस्क प्लास्टिकला चिकटून बसते.

दुकानांचं सांगायचं तर राजारामपुरीत मेन रोडला आणि शाहूपुरीत फिरलो. डीव्हीडी मिळतात, मायनस जास्त, प्लस क्वचित. बीडी-आरचं मात्र असं झालं,

"मालक, बीडी-आर हाय का?"

"काय?"

"ब्लू-रे. कोरी."

"ब्लूटूथचं हेडफोन हायत बघा चांगलं."

शेवटी फोटोग्राफर लोकांचं मटेरियल विकणाऱ्या एका दुकानात मालकांनी आतनं काढून दिल्या, धूळ पुसून. त्यांनीच सांगितलं की आता मागवायला लागतं, शूटिंगवाले पण पेनड्राइव्हच देतात. खरंच आहे, पॅनासॉनिकनं कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं २०२३ च्या फेब्रुवारीत बंद केलं, सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत, आणि सोनीनं त्याच वेळी मिनी-डीव्हीच्या टेपही बंद केल्या. व्हर्बॅटिमच्या अजून येतात. तेव्हा ज्यांच्या घरात कॅसेटी पडून आहेत त्यांनी "पुढच्या दिवाळीत बघू" करू नये.

बाहेरनं लावायचा पातळ ड्राइव्ह घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, लॅपटॉपच्या एका यूएसबीतनं ब्लू-रे लिहायला पुरेसा करंट मिळतोच असं नाही, लिहिता लिहिता मध्येच ड्राइव्ह गप्प होतो. दोन तोंडांची केबल किंवा वेगळा अडॅप्टर देणारा घ्या. आणि डिस्कचं पाकीट घरी आणल्यावर आधी एकच फोडा, कोड बघा, लिहा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून बघा, मगच बाकीची सीलं तोडा. फोडलेलं बंडल आमच्याकडं कुणी परत घेत नाही, सीलबंद असलं तर निदान बदलून देतात, तेवढं बिल मात्र मागून घ्या.